काळजी वाहणाऱ्या हातांना तंत्रज्ञानाचा टेकू

वाचकहो, हातकणंगल्यातील एक घर क्षणभर डोळ्यांसमोर आणा. घर कल्पनेतले आहे. परंतु या तालुक्यात, किंवा आपल्या स्वतःच्या गल्लीत, आपण ते कधीतरी पाहिलेले असण्याचा संभव आहे. पहाटेचे साडेतीन वाजले आहेत. पंचाहत्तरीचे एक गृहस्थ अंधारात सदरा चढवतात, जेवणाचा डबा शोधू लागतात आणि दाराची कडी काढतात. उमेदीची तीसेक वर्षे त्यांनी इचलकरंजीत मागावर काढली. माग सुटून आता पंधरा वर्षे झाली आहेत. शेजारी झोपलेली पत्नी दचकून उठते.

"अहो, कुठं निघालासा?"

"अगं, पाळी चुकंल माझी. मुकादम थांबायचा न्हाई."

मुलगा चाकणला कारखान्यात आहे, मुलगी गडहिंग्लजला दिली आहे. घरात ही दोघेच. दाराबाहेर एका बाजूला स्टेशनकडे जाणारा रस्ता, दुसऱ्या बाजूला डोक्याच्या वर वाढलेला ऊस. त्या माउलीला आता पुन्हा झोप लागणार नाही. काल लागली नव्हती, परवाही नाही.

स्मृतिभ्रंशाविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा त्या गृहस्थांविषयीच बोलतो. आज आपण त्यांच्या पत्नीविषयी बोलणार आहोत, आणि तिच्या उशाशी पडलेल्या मोबाइलविषयी. तो मोबाइल तिच्या काय कामाचा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तसा तो नाही.

'म्हातारचळ' नव्हे, आजार

आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून पुष्कळ गोष्टी हसण्यावारी नेल्या जातात. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयोमानाचे असू शकते. परंतु रोजच्या वाटेवर चुकणे, पैशांचा हिशेब एकाएकी न जमणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत पाच वेळा विचारणे, घरच्या माणसांवर चोरीचा आळ घेणे ही मेंदूच्या आजाराची लक्षणे असू शकतात. अल्झायमर हा त्या आजाराचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. मेंदूचा रक्तपुरवठा वरचेवर बिघडल्यानेही स्मृतिभ्रंश होतो.

देशभरातील ज्येष्ठांच्या पाहणीवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. खेड्यांतील ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे; कारण मेंदूविकारतज्ज्ञ, स्मृती-चिकित्सालये आणि दिवसभराची सांभाळ-केंद्रे मोठ्या शहरांत आहेत. हातकणंगल्याच्या घरात आहे ती पत्नी, सून किंवा लेक.

एक खबरदारी आरंभीच सांगून ठेवतो. विसराळूपणा दिसताच स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नये. थायरॉइडचा बिघाड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, कमी ऐकू येणे, काही औषधांचा परिणाम यांमुळेही असेच चित्र दिसते, आणि ही कारणे बऱ्याचदा दुरुस्त होण्यासारखी असतात. म्हणून पहिली तपासणी डॉक्टरांसमोर प्रत्यक्ष बसूनच व्हावी. मोबाइलवरील कोणतीही चाचणी तिची जागा घेऊ शकत नाही.

गोव्यातील ८१ कुटुंबे

आपल्या शेजारच्या गोव्यात एक मोलाचा प्रयोग झाला. डॉ. अमित डायस आणि 'संगाथ' या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींच्या ८१ कुटुंबांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या कुटुंबांकडे प्रशिक्षित गृह-सल्लागार नियमितपणे जात. या सल्लागार डॉक्टर नव्हत्या. त्या आजार समजावून सांगत, वागण्यातले बदल कसे हाताळावेत हे दाखवत, एका कुटुंबाची दुसऱ्याशी गाठ घालून देत, सरकारी योजनांची माहिती देत आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवत. सहा महिन्यांनंतर या कुटुंबांतील काळजीवाहकांचे मनःस्वास्थ्य सुधारलेले आढळले. रुग्णाच्या वागण्यामुळे त्यांना होणारा त्रासही कमी झाला होता. आजार बरा झाला नव्हता. तो वाहणाऱ्या माणसाच्या पाठीवरचे ओझे हलके झाले होते.

आता दुसरा प्रयोग पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने काळजीवाहकांसाठी 'आयसपोर्ट' नावाचा स्वयंशिक्षणाचा कार्यक्रम तयार केला. त्यात पाच भाग आणि तेवीस पाठ आहेत: आजाराची ओळख, काळजीवाहकाची भूमिका, स्वतःची काळजी, रोजची शुश्रूषा आणि वागण्यातील बदल. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांनी तो भारतीय कुटुंबांसाठी जुळवून घेतला आणि त्याची चाचणी केली. १५१ काळजीवाहक त्यात सहभागी झाले. तीन महिन्यांनंतरच्या मूल्यमापनापर्यंत त्यांतील ५५ जण टिकले. ज्यांनी हे पाठ घेतले, त्यांची रुग्णाकडे माणूस म्हणून पाहण्याची दृष्टी सुधारली. परंतु त्यांच्या मनावरचा भार आणि नैराश्य यांत लक्षणीय फरक दिसला नाही.

या दोन प्रयोगांची तंतोतंत तुलना करता येणार नाही; मात्र ते शेजारी ठेवले की एक गोष्ट ठळक होते. पाठ कितीही उत्तम असले, तरी रात्रभर जागलेल्या बाईला संगणकापुढे बसून ते वाचायला वेळ कुठून मिळावा? तिला हवे असते ते दारात येणारे, विचारपूस करणारे, कामाचा एखादा वाटा उचलणारे माणूस. म्हणून मोबाइल, घड्याळ, कॅमेरा, घंटी अशा कोणत्याही साधनाला एकच कसोटी लावावी: याने काळजीवाहकाच्या मदतीला एखादा माणूस जवळ येतो का, किंवा तिला तासभर निश्चिंत झोप मिळते का? उत्तर 'होय' असेल तर ते साधन घ्यावे. उत्तर 'नाही' असेल तर ते कितीही नवे असो, घरातल्या कामात आणखी एका कामाची भर पडेल, इतकेच.

मोबाइल: कामाची वाटणी करणारा

आपल्या घरात बहुधा व्हॉट्सॲपचा कौटुंबिक गट असतो. त्यावर सुप्रभातचे संदेश येतात, नातवंडांची छायाचित्रे येतात. दुरून 'बाबांची काळजी घे' असे सांगणारेही त्यावर असतात. सल्ला देणारे पुष्कळ आणि राबणारी एकटी, अशी ही स्थिती बदलायची असेल, तर केवळ काळजीच्या कामासाठी एक वेगळा छोटा गट करावा. त्यात शुभेच्छा नकोत. त्यात असावी कामांची वाटणी.

औषधे संपण्यापूर्वी मागवण्याचे काम चाकणच्या मुलाचे. डॉक्टरांची वेळ ठरवणे आणि कागदपत्रांची छायाचित्रे जपून ठेवणे लेकीचे. रोज सायंकाळी सातला बाबांशी व्हिडिओवर पंधरा मिनिटे बोलणे नातवाचे. ही पंधरा मिनिटे क्षुल्लक समजू नका. सूर्य मावळताना पुष्कळ रुग्णांची अस्वस्थता वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकही व्हायचा असतो. नातू पडद्यावर जुन्या छायाचित्रांविषयी विचारत राहिला, तर आजीची भाकरी निवांत होते. अट एकच: 'मला ओळखलंत का?' अशी परीक्षा घेऊ नये. 'आजोबा, मी तुमचा नातू बोलतोय' असे आपणहून सांगावे.

लिहिण्याची सवय नसेल तर आवाजात संदेश ठेवावा. 'आज दोन वेळा जेवले, दुपारी चिडले, रात्री तीनदा उठले' एवढे तीस सेकंदांत सांगता येते. महिन्याभराने हीच नोंद डॉक्टरांच्या कामी येते. रुग्ण झोपेत हातपाय झाडत असेल, चालताना अडखळत असेल किंवा नसलेली माणसे दिसत असल्याप्रमाणे बोलत असेल, तर मिनिटभराचे चित्रीकरण करून ते फक्त डॉक्टरांना दाखवावे. दवाखान्यात गेल्यावर पुष्कळ रुग्ण अगदी नीट वागतात आणि 'मला काही झालेलं नाही' म्हणतात. घरचे मात्र खोटे ठरतात. हे चित्रीकरण नातेवाइकांच्या गटावर टाकू नये. आपल्या वडिलांची लाचारी हा कोणाच्या करमणुकीचा विषय होऊ नये.

येथे एक धोक्याची खूण लक्षात ठेवावी. कालपर्यंत बरा असलेला रुग्ण एकदोन दिवसांत फारच गोंधळला, गुंगीत गेला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर 'आजार वाढला' असे समजून थांबू नये. लघवीचा संसर्ग, ताप, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता किंवा नव्या औषधाचा परिणाम यांमुळे असे होते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

वाट चुकलेला माणूस

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट आपण पाहिला असेल. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. मुलगी काही कामासाठी दुकानात जाते, वडील मोटारीत बसलेले असतात. रस्त्यावरून हत्ती जातो आणि हे पंडित त्याच्यामागोमाग निघून जातात. तेवढी दोन-चार मिनिटे पुरतात. मुलीचा दोष नसतो. परंतु दोषाची बोचणी तिचीच असते. घरोघरच्या काळजीवाहकांना ही बोचणी चांगली ठाऊक आहे.

हातकणंगल्यात हत्तीची गरज नाही. सवयीची वाट पुरेशी आहे. म्हणून बचावाची पहिली फळी दारापाशी उभारावी. दाराला लावायची चुंबकाची छोटी विजेरी घंटी विजेच्या सामानाच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळते. दार उघडले की ती वाजते. तिला इंटरनेट लागत नाही, घटावर चालत असल्याने वीज गेली तरी ती बंद पडत नाही आणि तिच्यासाठी नवे काही शिकावे लागत नाही. आपल्या कसोटीला ती पूर्णपणे उतरते: घंटी वाजेपर्यंत झोपता येते. दाराला बाहेरून कुलूप घालून रुग्णाला एकट्याला आत ठेवणे मात्र टाळावे. आग लागली किंवा ते पडले, तर तेच कुलूप जिवावर बेतेल.

दुसरी फळी म्हणजे ओळख. सदऱ्याच्या खिशात, गळ्यातील पदकावर किंवा मनगटाच्या पट्टीवर घरच्या दोन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक असावेत. अलीकडे क्यूआर संकेताची पदके मिळतात. कोणीही मोबाइलने ती वाचली की घरचा क्रमांक दिसतो. २०२४ साली मुंबईत वरळीहून हरवलेला बारा वर्षांचा एक विशेष मुलगा कुलाब्यात सापडला, तो त्याच्या गळ्यातील अशाच पदकामुळे काही तासांत घरी पोहोचला. मात्र आपल्या भागात भेटणारा माणूस शेतावर निघालेला असेल, त्याच्याकडे साधा फोन असेल. म्हणून क्यूआरच्या जोडीला क्रमांक ठळक देवनागरी अंकांत लिहिलेला असावाच. पदकावर पूर्ण पत्ता, आधार क्रमांक किंवा बँकेची माहिती घालू नये.

तिसरी फळी स्थान दाखवणाऱ्या उपकरणांची. यांच्या मर्यादा नीट समजून घ्याव्यात. व्हॉट्सॲपवरून आपले चालते ठिकाण जास्तीत जास्त आठ तास दाखवता येते. गूगल नकाशावर ते आपण बंद करेपर्यंत चालू ठेवता येते. परंतु दोन्हींसाठी मोबाइल रुग्णाच्या खिशात असायला हवा, आणि पाळीला निघालेला माणूस मोबाइल घेऊन निघत नाही. सिमकार्ड असलेले जीपीएस घड्याळ मनगटावर राहते; पण ते वरचेवर चार्ज करावे लागते आणि मोबाइलची रेंज नसेल तेथे ते गप्प राहते. किल्ल्यांना लावतात तसली ब्लूटूथची स्वस्त चकती तर जवळपास असलेल्या इतर मोबाइलच्या आधारे ठिकाण कळवते. इचलकरंजीच्या बाजारात ती कामी येईल. उसाच्या फडात तिच्या आसपास मोबाइल कुठून असणार?

म्हणून चौथी फळी पुन्हा माणसांचीच. शेजारी, किराणा दुकानदार, रिक्षा थांब्यावरील चालक, चहाची टपरी चालवणारा यांना आजार लपवून न ठेवता सांगावा. 'हे एकटे दिसले तर प्रेमाने चहाला बसवा आणि मला फोन करा' एवढे वाक्य पुरे. यात लाजण्यासारखे काही नाही. अलीकडे काढलेले स्पष्ट छायाचित्र मोबाइलमध्ये तयार असावे. रुग्ण सापडत नसेल तर ११२ क्रमांकावर ताबडतोब कळवावे. तक्रारीसाठी चोवीस तास थांबावे लागते ही समजूत चुकीची आहे. शोध घेताना आधी जुन्या सवयीच्या जागा पाहाव्यात: पूर्वीचे कामाचे ठिकाण, तिकडे जाणारी बस जेथे थांबते ती जागा, जुने घर, देऊळ, स्वतःचे शेत. वाढलेल्या उसात चार हात आत शिरलेला माणूस बांधावरून दिसत नाही. म्हणून घराजवळच्या सऱ्या आणि पाण्याच्या जागा आधी तपासाव्यात.

आणि दारातच गाठ पडली, तर वाद घालू नये. 'तुमची पाळी कधीच संपली' हे सत्य त्या क्षणी त्यांच्या पचनी पडत नाही. 'थोडा चहा घ्या, मग बघू' असे म्हणून हात धरून बसवावे. मागाविषयी दोन प्रश्न विचारावेत. ज्याला कामाची ओढ लागली आहे, त्याला बहुधा आपण अजून उपयोगाचे आहोत एवढेच ऐकायचे असते.

दिवसाची लय

स्मृती विस्कटली की काळाचे भानही सुटते. वार, तारीख आणि 'सकाळ-दुपार-रात्र' मोठ्या अक्षरांत दाखवणारे घड्याळ नजरेच्या टप्प्यात असावे. घरातील जुना टॅबलेट किंवा मोबाइलही भिंतीवर टांगून या कामी लावता येतो. मोबाइलला मराठीत वेळ विचारता येते आणि औषधाची आठवण ठेवायला सांगता येते. पण ही आठवण काळजीवाहकाला व्हावी. भिंतीतून आलेल्या अनोळखी आवाजाने रुग्ण घाबरू शकतो. गोळ्यांसाठी सात वारांच्या कप्प्यांची साधी डबी आणि मोबाइलचा गजर ही जोडी पुरेशी असते.

अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर हालचाल होताच लागणारा दिवा बसवावा. म्हातारपणी मांडीचे हाड मोडले तर घराचे सारे गणितच बदलते. ते टाळणारा हा दिवा कोणत्याही महागड्या उपकरणाइतकाच मोलाचा आहे.

करमणुकीच्या बाबतीत मोबाइल खरोखर उपकारक ठरतो. पुष्कळ रुग्णांना कालचे आठवत नाही, पण तरुणपणीची गाणी ओळीने आठवतात. एकेकाळी सांगली आकाशवाणीवर ऐकलेली भक्तिगीते, भजनी मंडळातले अभंग, जोतिबाच्या यात्रेतले 'चांगभलं', लेकीने लहानपणी म्हटलेली कविता असे ज्याचे त्याचे संचित असते. ते शोधून एकत्र करून ठेवावे. आंघोळीला नकार देणारे गृहस्थ आवडते भजन लागले की सहजपणे उठतात, असा अनुभव येऊ शकतो. बातम्यांच्या वाहिन्या आणि आरडाओरडा असलेल्या मालिका मात्र बंद ठेवाव्यात. पडद्यावरचे भांडण आपल्याच घरात चालले आहे, असे रुग्णाला वाटू शकते.

हेलपाटे आणि पैसे

पहिले निदान झाल्यावर पुढील प्रत्येक वेळी रुग्णाला गाडीत घालून कोल्हापूर किंवा मिरजेला न्यायलाच हवे असे नाही. डॉक्टरांची संमती असेल तर काही भेटी व्हिडिओवर होऊ शकतात. सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेत मोबाइलवरून डॉक्टरांचा सल्ला मिळतो. आरोग्य उपकेंद्रातूनही दूरच्या डॉक्टरांशी जोडून घेता येते. आपल्या भागातील आशाताईंना याविषयी विचारावे. अशा भेटीपूर्वी चालू औषधांच्या पाकिटांचे एक छायाचित्र आणि तीन नेमके प्रश्न तयार ठेवावेत.

निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरातील हयातीच्या दाखल्याची धास्ती असते. केंद्र सरकारने २०१४ साली 'जीवन प्रमाण' ही डिजिटल दाखल्याची सोय सुरू केली. पुढे चेहरा ओळखून घरबसल्या मोबाइलवर दाखला देण्याची व्यवस्थाही झाली. भविष्यनिर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनालाही ती लागू आहे. ज्यांना हे जमत नाही, त्यांच्या घरी टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन येऊन अल्प शुल्कात दाखला करून देतो. बँकेच्या रांगेत बिथरणाऱ्या माणसाला घेऊन उभे राहिलेल्या प्रत्येकाला या सोयीचे मोल कळेल.

याच मोबाइलची एक काळी बाजूही आहे. विसर पडणारा माणूस फसवणुकीला लवकर बळी पडतो. तो एकच वस्तू दोनदा मागवतो, अनोळखी माणसाला ओटीपी सांगतो, 'पोलीस बोलतोय' म्हणणाऱ्या आवाजाला भिऊन पैसे पाठवतो. आजाराच्या आरंभीच, त्यांना समजत असताना, त्यांच्याशी बोलून यूपीआयची मर्यादा कमी करावी, मोठी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि शक्यतो मोठ्या बटणांचा साधा फोन त्यांच्या हाती द्यावा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी; जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी. मृत्युपत्र, संयुक्त खाते, वारसनोंद हीदेखील याच सुरुवातीच्या काळातील कामे. समज गेल्यानंतर घेतलेल्या सहीला कायद्यात किंमत उरत नाही.

कॅमेऱ्याचा मोह

दूर असलेल्या मुलांना घरात कॅमेरा बसवण्याची घाई असते. त्यांचा हेतू चांगला असतो. तरीही बसवण्यापूर्वी थोडे थांबावे. ज्यांनी आयुष्यभर कोणासमोर पदर ढळू दिला नाही, त्या आईला अष्टौप्रहर कोणीतरी पाहत आहे, ही कल्पना किती जड जात असेल? न्हाणीघर आणि कपडे बदलण्याची जागा यांत कॅमेरा कधीही नसावा. लावायचाच असेल तर तो मुख्य दाराकडे किंवा ओसरीकडे असावा. रुग्णाला समजत असेतो त्यांची संमती घ्यावी, आणि काळजीवाहकाचीही. संकेतशब्द बदलून घ्यावा आणि तो दोघांपलीकडे देऊ नये.

आणखी एक गोष्ट मुलांनी लक्षात ठेवावी. कॅमेऱ्यात पाहून 'आई, बाबांना अजून जेवायला दिलं नाहीस?' असा फोन करणे म्हणजे काळजी घेणे नव्हे. ती तपासणी झाली. त्या यंत्राने आईचे काम तसूभरही कमी केले नाही. तिच्या डोक्यावर एक मुकादम मात्र बसवला.

आणि तिचे काय?

काळजी वाहणाऱ्या बाईला आपण 'किती करता हो तुम्ही' म्हणतो आणि तिच्यावरचे ओझे तिथेच ठेवून निघून येतो. तिचा रक्तदाब कोण मोजतो? तिचा मोतीबिंदू किती वर्षे लांबणीवर पडला आहे? नवऱ्यावर ओरडल्यानंतर तिला रात्रभर रडू आले, हे कोणाला ठाऊक आहे?

ताईंनो, काकूंनो, हा मजकूर आपल्यासाठी आहे. राग येणे, कंटाळा येणे, 'हे कधी संपणार' असे मनात येणे यामुळे आपण वाईट ठरत नाही. आपण थकला आहात, एवढाच त्याचा अर्थ. 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतूनही बोलता येते. तेथे नाव सांगण्याची सक्ती नाही. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी, योजनांच्या माहितीसाठी किंवा छळाच्या तक्रारीसाठी १४५६७ ही 'एल्डरलाइन' सकाळी आठ ते रात्री आठ उपलब्ध असते. हे दोन्ही क्रमांक साध्या फोनवरूनही लागतात. त्यासाठी स्मार्टफोनची गरज नाही.

गोव्यातील सल्लागारांनी केलेले एक काम आपल्याकडे कोणत्याही खर्चाशिवाय होऊ शकते, ते म्हणजे कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून देणे. हातकणंगले, पेठ वडगाव, हुपरी, रुकडी या गावांत अशी घरे विखुरलेली आहेत आणि प्रत्येकाला वाटते की हे आपल्याच नशिबी आले. एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाने किंवा बचत गटाने पुढाकार घेऊन आठ-दहा काळजीवाहकांना महिन्यातून एकदा फोनवर एकत्र बोलते केले, तरी पुष्कळ साधेल. 'आमचेही असेच करतात' हे वाक्य ऐकल्यावर जो दिलासा मिळतो, तो कोणत्याही गोळीत नाही.

या पंधरवड्यात एवढे करा

सगळे एकदम करू नका. पुढील अंक येईपर्यंत चार गोष्टी पुरेत. दाराला घंटी लावा. सदऱ्याच्या खिशात दोन क्रमांकांची चिठ्ठी ठेवा. आपल्या मोबाइलमध्ये १४४१६ हा क्रमांक जपून ठेवा. आणि दूर राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला फोन करून एक, फक्त एकच, काम कायमचे सोपवा. 'जमेल तेव्हा बघ' असे सांगू नका. वार आणि वेळ ठरवून सोपवा.

दूर राहणाऱ्या वाचकांना उलट बाजूने सांगणे आहे. नवे घड्याळ, नवा कॅमेरा धाडण्याआधी स्वतः चार दिवस घरी या. आईला त्या चार रात्री दुसऱ्या खोलीत झोपू द्या आणि पहाटे साडेतीनला बाबांच्या शेजारी आपण उठा. कोणते उपकरण लागेल आणि कोणते लागणार नाही, हे त्या चार रात्रींत आपोआप कळेल.

आरंभीच्या त्या घरात एके पहाटे दाराची घंटी वाजेल. गृहस्थ उंबऱ्यातच थांबतील. त्या रात्रीची पाळी मुलाची असेल; तो उठेल, चहा ठेवेल आणि विचारेल, "बाबा, तुमच्या खात्यात माग किती होते हो?" बाबा सांगू लागतील. आतल्या खोलीत आई झोपलेली असेल.